बाहेरचं कुलूप

२२ ऑक्टोबर, मंगळवार

सिंत्राच्या दफनभूमीचं पत्र आलं. माझ्या नवऱ्याला, अदेलिनोला, पुरून गेल्या महिन्यात तीन वर्षं झाली, कबर उघडायची आहे, बारा नोव्हेंबरला सकाळी दहा वाजता घरच्यांपैकी कोणीतरी हजर राहावं. घरची म्हणजे मीच. मूलबाळ नाही.

यात जगावेगळं काही नाही. जमीन इथे कोणाला कायमची मिळते? तीन वर्षांनी उघडतात, हाडं सुटी झाली असली तर धुऊन, पांढऱ्या कापडात गुंडाळून लहान पेटीत घालतात आणि पेटी भिंतीतल्या कोनाड्यात जाते. आईच्या वेळी मी समोर उभी होते. रडले, आणि घरी येऊन तळलेली मासळी जेवले. तेव्हा भीती वाटली नव्हती. आज पत्र वाचलं. स्वयंपाकघरात जमिनीवर बसले ती गॅसवरचं सूप करपेपर्यंत.

पत्र पिठाच्या डब्यामागे ठेवलं. ही वहीसुद्धा तिथेच असते. वही ओदेतने दिली. ओदेत खालच्या मजल्यावर राहते, चाळीस वर्षं बाजारात मासे विकले, आवाज अजून तसाच. "मनातलं मला सांगत नाहीस, निदान कागदाला सांग," म्हणाली. मी ती डब्यामागे लपवते हे कळल्यावर तिने कपाळावर हात मारला. "कोणापासून लपवतेस गं? घरात तू आणि झुरळं."

रात्री आठ वाजता ती वर आली आणि रोजच्यासारखं बाहेरून कुलूप लावून गेली. किल्ली दोनदा फिरल्याचा आवाज आला की मला बरं वाटतं. सकाळी सातला येऊन उघडते.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

ओदेत नाताळनंतर ब्रागाला मुलीकडे जाणार. कायमची. गुडघे गेलेत, जिना चढवत नाही, मुलगी रोज फोनवर रडते. कॉफी पिता पिता सांगितलं, जणू पावाचा भाव सांगते आहे.

मी विचारलं, "मग कुलूप कोण लावणार?"

तिने कप खाली ठेवला. "लुसिंदा, मी चारशे किलोमीटर लांब चाललेय आणि तुला कुलपाची पडलीय?"

मला वाईट वाटलं. ती गेल्याचं दुःख मला होणार नाही असं नाही. पण ते नंतर होईल. कुलूप रोज लागतं.

"आतून लावायचं," ती म्हणाली. "सगळं जग लावतं. मी काय तुझी तुरुंगवाली आहे?"

आतून लावलेलं कुलूप मला कळत नाही. आतून लावलं तर ते मलाच उघडता येणार, मग ते कुलूप कसलं? अदेलिनो असता तर त्याने एका वाक्यात समजावलं असतं. त्याला चोरांची काळजी वाटायची. सकाळी सातला निघताना लावायचा, संध्याकाळी आल्यावर उघडायचा. मी शिवणकाम करायची, काज-बटणं, बाह्या. गिऱ्हाइकांचे कपडे तोच आणायचा, तोच पोचवायचा. बाजारहाटही तोच करायचा. मी नशीबवान आहे असं माझी आई म्हणायची, तिला स्वतःला सगळं ओझं वाहावं लागायचं.

शेवटी आमचं ठरलं. अदेलिनोची हाडं एकदा पेटीत गेली की मी आतून कुलूप लावायला शिकेन. तोवर ओदेत लावेल. पेटी एवढीशी असते. पेटीतल्या माणसाची भीती कोणाला वाटेल?

भीती हा शब्द मी वर लिहिला. खोडणार होते. राहू दे.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

सर्व संतांचा दिवस. सगळी इमारत शेवंतीचे गुच्छ घेऊन आपापल्या मेलेल्यांकडे गेली. मी गेले नाही, बाराला जायचंच आहे. ओदेतने चेस्टनट भाजून आणले. खाताना तिने विचारलं, त्या दिवसाबद्दल लिहिलंस का? नाही लिहिलं. आता लिहिते.

अदेलिनो सिंत्राहून घरी येताना गाडीतच वारला, खिडकीशी बसल्या बसल्या. गाडी रोसियू स्टेशनात लागली, लोक उतरले, तो झोपलाय असं सगळ्यांना वाटलं. मला काही माहीत नव्हतं. जेवण मांडून बसले होते. आठ वाजले, दहा वाजले, सकाळ झाली. दार बंद होतं. फोन कपाटात होता आणि कपाटाला कुलूप होतं, कारण बिल फार यायचं. मी ओरडले नाही. ओरडलेलं त्याला खपत नसे. स्वयंपाकघरातल्या नळावर चमच्याने वाजवत बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी ओदेतला ऐकू गेलं. खालून ती किंचाळली, "वर कोण वाजवतंय? पाइप फोडतेस का?" तोवर आमची जिन्यात नुसती मान हलवण्यापुरती ओळख होती. अग्निशमनवाल्यांनी येऊन कुलूप तोडलं. दार उघडल्यावर मी पहिल्यांदा काय म्हणाले ते ओदेत अजून सगळ्यांना सांगते. म्हणाले, "हे दुरुस्त करून द्या, तो यायची वेळ झाली."

इस्पितळातून त्याच्या वस्तू मिळाल्या, त्यात घराची किल्ली होती. ती मी त्याच्याबरोबर दिली. त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. किल्लीशिवाय तो बाहेर पडत नसे.

आता वाटतं, ठेवायला नको होती. दाराला नवं कुलूप आहे, हे मला ठाऊक आहे. तरी रात्री जिन्यात पाऊल वाजलं की मी अंथरुणात उठून बसते. किल्ली तर त्याच्याकडेच आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

हाडांसाठी कापड शिवलं. शुद्ध सुती, चारी बाजूंनी दुहेरी दुमड, टाका मोजून घातलेला. वाकडा टाका त्याला लांबून दिसायचा.

शिवता शिवता हात थांबला. त्याला मी गणवेशात पुरलं आहे. त्याच्या नोकरीचा, सिंत्राच्या राजवाड्यातल्या पहारेकऱ्यांचा निळा गणवेश, दोन होते, त्यातला चांगला. आणि तो पॉलिएस्टरचा होता. सुती कोट होता घरात, लग्नातला, तो मी बाजूला ठेवला, कारण सुतीला चुण्या पडतात. चुणी दिसली की त्याचं डोकं फिरायचं. पॉलिएस्टरला इस्त्रीची घडी एकदा बसली की बसली.

आयुष्यभर कापड हाताळलेली बाई मी. कुठलं कापड कुजतं आणि कुठलं नाही हे मला माहीत नसावं? मेलेल्याला सुती किंवा लोकरी घालायचं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी मात्र चुण्यांचा विचार करत होते.

कुजलं नसेल तर परत पुरतात. आणखी दोन वर्षं. मग परत पत्र.

ओदेतला सांगितलं नाही. डावं मनगट आज फार दुखतंय. थंडी पडली की दुखतं, ते जुनं आहे, जिन्यावरून पडले होते तेव्हाचं. ओदेत म्हणते, आमच्या घराला तर आत जिना नाही. मी म्हटलं, मग स्टुलावरून पडले असेन, आता आठवत नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

झोप नाही. ओदेतने किल्ली फिरवली तरी नाही. स्वप्नात तो कबरीत बसून गणवेशावरची माती झटकत होता आणि म्हणत होता, हे असं इस्त्री करतात?

बाराला जाऊच नये का? घरचं कोणी आलं नाही तर तेच लोक उघडतात, परवानगी लागत नाही. ओदेतला विचारलं. ती म्हणाली, "नाही गेलीस तर तू त्याला कायम उभाच बघशील. चल. मी आहे ना. आधी कबर, मग तिथले ते चीजचे गोड केजादा खाऊ, मग तो राजवाडा बघू. एकतीस वर्षं नवरा तिथे नोकरीला आणि हिने राजवाडा आतून बघितला नाही! जगात दुसरी असेल का अशी?"

हे खरं आहे. त्याने कधी नेलं नाही. तिथे पर्यटकांची गर्दी असते, मला सोसणार नाही, म्हणायचा. रात्री जेवताना गोष्टी मात्र सांगायचा. शेवटची काही वर्षं तो राजाच्या खोलीवर पहाऱ्याला होता. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी एका राजाला त्याच्या सख्ख्या भावाने त्या खोलीत कोंडलं. नऊ वर्षं तो आतच येरझाऱ्या घालत राहिला आणि तिथेच मेला. "राजा असून नऊ वर्षं राहिला," अदेलिनो म्हणायचा, "आणि तू एका दिवसात कंटाळतेस."

१२ नोव्हेंबर, मंगळवार

परत आले. अक्षर वाकडं येईल.

आठ-दहाची गाडी. ओदेतने लाल कोट घातला होता. "मी विधवा नाही, मी सहलीला चाललेय," म्हणाली आणि डब्यातून संत्री काढून खात बसली. मी कापडाची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. खिडकीशी बसायला नको म्हटलं. वाटेतल्या आमादोरा स्टेशनापर्यंत ऊन होतं, सिंत्राला उतरलो तर धुक्यात हात पुढे केला तरी दिसेना. डोंगर गेला, गड गेला, राजवाड्याची दोन पांढरी धुराडी तेवढी वर निघाली होती.

दफनभूमीत दोघे होते. म्हाताऱ्याचं नाव सेराफिम, दुसरा त्याचा जावई. सेराफिमने टोपी काढली. "मागे उभ्या राहा बाई. वास येईल असं नाही, पण पाय घसरेल."

त्यांनी उकरायला सुरुवात केली. फावड्याचा आवाज धुक्यात फार जवळून येतो. ओदेतने माझा दंड पकडला होता आणि ती तोंडाने काहीतरी पुटपुटत होती, प्रार्थना की शिव्या, कळलं नाही. मग लाकडावर फावडं लागलं. जावयाने फळी सरकवली. सेराफिम वाकून पाहत राहिला आणि त्याने मान हलवली.

"झालं नाही."

माझी पाचावर धारण बसली. काय झालं नाही हे मला आठवडाभर माहीत होतं, तरी.

"कपडे कसले घातले होते?"

"गणवेश."

"पॉलिएस्टर?"

"हो."

"अहो बाई, मग कसं व्हायचं? ते कापड माती आत घेत नाही. राग मानू नका, पण घरात बाईमाणूस असून..."

"ए सेराफिम," ओदेत गरजली, "तू तुझं फावडं बघ. घरात बाईमाणूस होतं म्हणून तर इस्त्री तरी झाली होती!"

म्हाताऱ्याने टोपी परत डोक्यावर घातली. मग हळूच म्हणाला, "झाकून टाकतो. दोन वर्षांनी पत्र येईल. बघायचंय का? बरेच जण बघत नाहीत."

ओदेत म्हणाली, "नाही."

मी म्हटलं, "बघायचंय."

का म्हटलं, माहीत नाही. मला बघायचं नव्हतं. पण न बघता गाडीत बसले असते तर तो माझ्या मागे मागे आला असता.

चेहऱ्यावर रुमाल होता, तो तसाच होता, तिकडे मी पाहिलं नाही. गणवेश पाहिला. चार बटणं, चारही चकचकीत. पँटच्या पायावर इस्त्रीची घडी, मी घातलेली, अजून तशीच. गणवेश पूर्वीएवढाच होता, पण आतला माणूस कमी झाला होता. बाह्या सपाट पडल्या होत्या. उजव्या बाहीच्या टोकाला हात शोधला. दिसला नाही, आत कुठेतरी गेला असावा.

मी वाट पाहत उभी राहिले. तो काहीतरी म्हणेल अशी वाट पाहत होते, हे लिहायला लाज वाटते. किती वेळ गेला कोण जाणे. तो काही म्हणाला नाही.

मग मीच सेराफिमला सांगितलं, "आतल्या खिशात किल्ली आहे."

"काढून देऊ?" त्याने हातमोजा चढवला. जावई माझ्याकडे बघायला लागला. ओदेतने माझा दंड सोडला.

"नको," म्हटलं. "राहू दे. ते कुलूप तोडलं."

त्यांनी फळी लावली आणि माती लोटली. मी कापड पिशवीतून काढलंच नाही.

बाहेर पडल्यावर ओदेत एका पायरीवर बसली, गुडघा चोळत. मी म्हटलं, "हाडं निघाली नाहीत. आपलं ठरलं होतं ते..."

"दोन वर्षं मला थांबता येणार नाही, लुसिंदा." इतक्या हळू आवाजात ती बोललेली मी कधी ऐकली नव्हती. "मनात असलं तरी नाही. जिनाच चढवत नाही गं."

केजादा घेतले. मला एकही गेला नाही, तिने सहा खाल्ले आणि म्हणाली, दुःखात तिला भूक लागते.

राजवाड्याच्या दारावर एक उंच, पांढऱ्या मिश्यांचा पहारेकरी होता, त्याच निळ्या गणवेशात. मी तिथेच थिजले. ओदेतने मला ढकललं आणि त्याला सांगितलं, "हिला नीट दाखवा. हिचा नवरा इथेच होता. अदेलिनो."

"अदेलिनोची बायको?" त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याचं नाव बाल्तझार. "पण वहिनी, तुम्ही तर उठत नव्हतात!"

"मी?"

"अंथरुणाला खिळलेल्या. एकतीस वर्षं ऐकत आलो. बिचारा स्वयंपाक करायचा, धुणं करायचा, तुम्हाला भरवायचा. दर नाताळला आम्ही सगळे मिळून तुमच्यासाठी केक पाठवायचो, सुक्या मेव्याचा. आवडायचा ना?"

केक कधीच घरी आला नाही. एकतीस केक. कुठे गेले असतील?

ओदेतने तोंड उघडलं तसा मी तिच्या कोटाची बाही ओढली. "हो," मी बाल्तझारला म्हटलं. "आवडायचा. आता मी बरी आहे."

"देवाची कृपा!" तो खरंच आनंदला. माझे दोन्ही हात हातात घेतले. मी हात मागे ओढले नाहीत, याचं मला आत्ता लिहिताना नवल वाटतंय.

मी कधी आजारी नव्हते. मग हो का म्हटलं? अदेलिनोने तसं का सांगितलं असेल? माझी लाज राखायला? ओदेत म्हणाली, "तुझी?" आणि पुढची दोन दालनं गुडघा धरून माझ्यापुढे चालत राहिली. छतावर हंस होते, छतावर पक्षी होते, मला फारसं आठवत नाही.

राजाची खोली वर आहे. लहान. जमिनीच्या फरश्या पार झिजल्या आहेत, येरझाऱ्या घालून, असं सांगतात. मी बराच वेळ खाली बघत होते. मग ओदेतला म्हटलं, "आमच्या स्वयंपाकघरातलं लिनोलियमसुद्धा ओट्यापासून खिडकीपर्यंत असंच गेलंय. बदलायला हवं."

ओदेतने तोंड फिरवलं. तिला सर्दी झाली असावी, कोट पातळ आहे.

निघताना मी दार पाहिलं. त्याला कडी कुठून असेल एवढंच मला बघायचं होतं. अदेलिनोने ते कधी सांगितलं नव्हतं. बाल्तझारला विचारलं. तो म्हणाला, "बाहेरूनच की वहिनी. आतून असती तर तो राजा नऊ वर्षं कशाला बसला असता?"

गाडीत उरलेल्या केजादाचा डबा ओदेतने माझ्या मांडीवर ठेवला.

आठ वाजता ओदेत किल्ली घेऊन वर आली. एकेका पायरीला थांबत होती, ते आज मला ऐकू आलं. रोजच थांबत असणार. तिने दार ओढून घ्यायला हात पुढे केला.

"ती इकडे दे," म्हटलं.

"काय?"

"किल्ली."

तिने दिली. मी दार लावलं. ती बाहेर, मी आत. कुलपाचं भोक सापडेना, किल्ली तीनदा खाली पडली. छातीत इतकं धडधडत होतं की वाटलं, माझंच आता अदेलिनोसारखं होणार.

"मी इथेच आहे," ती पलीकडून म्हणाली. "लागलं का?"

"लागलं."

"आता उघड."

उघडलं. ही बाई, जिने भर बाजारात गुंडाच्या तोंडावर बांगडा फेकून मारला होता, जिन्यात उभी राहून रडत होती. "परत लाव," म्हणाली. परत लावलं. परत उघडलं. वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, काय दाराचा खेळ चाललाय? ओदेतने त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता ती गेली. दार आतून बंद आहे. किल्ली समोर टेबलावर आहे आणि मी तिच्याकडे बघत लिहिते आहे. भीती गेलेली नाही. मला वाटलं होतं जाईल. जिन्यात मघाशी पाऊल वाजलं तेव्हा अंगावर काटा आलाच. पण मी उठून किल्ली हातात धरली आणि पाऊल वर निघून गेलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

थोडी झोप लागली, खुर्चीतच. जाग आली तेव्हा सव्वासहा. सात वाजायची वाट बघत बसले, मग लक्षात आलं, कोणी येणार नाही. किल्ली माझ्याकडे आहे.

ते कापड बाहेर काढलं. स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा होईल, बरोबर मापाचं आहे. अदेलिनोसाठी दोन वर्षांनी नवीन शिवेन.

दार उघडलं. जिन्यात अंधार होता, शिळ्या कोबीचा वास होता, कोणी नव्हतं. कठड्याला धरून एक मजला खाली उतरले. काल उरलेला केजादाचा डबा हातात होता. ओदेतच्या दारावर थाप मारली. मग वाटलं, हळू वाजली, म्हणून आणखी जोरात मारली.

आतून तिचा घाबरलेला आवाज आला, "कोण आहे? काय झालं?"

तीन वर्षांत तीच वर येत आली. तिचं दार मी कधी वाजवलं नव्हतं.

"मी," म्हटलं. "काही झालं नाही. कॉफी प्यायला आलेय."